डब्यातले औषध आणि झिजलेले इंजिन : एसटीपीची कहाणी

1969 साली मारिओ आंद्रेत्तीने इंडियानापोलिस 500 ही शर्यत जिंकली. विजयानंतर भर गर्दीत त्याच्या गालाचे चुंबन घेणारा धिप्पाड गृहस्थ मोटारींचा कारखानदार नव्हता. इंजिनात ओतायच्या एका दाट द्रवाचा तो विक्रेता होता. अँडी ग्रॅनटेली हे त्याचे नाव, एसटीपी हे त्या द्रवाचे. थकलेल्या इंजिनाला हा द्रव पुन्हा ताकद देतो, असा असंख्य अमेरिकी वाहनचालकांचा विश्वास होता. तो विश्वास कसा उभा राहिला आणि त्यात तथ्य किती होते, याचा हा धागा.

आधी थोडे यंत्राविषयी. पेट्रोल इंजिनाची ताकद दाबावर उभी असते. पिस्टन वर येताना हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि तेलाचा पातळ थर त्या मिश्रणाला खाली निसटू देत नाहीत. हजारो मैलांनंतर रिंगा झिजतात, सिलिंडरची भिंत घासली जाते. मग दाबलेला वायू खाली गळतो आणि खालचे तेल वर चढून जळते. ‘कॉम्प्रेशन गेले’ आणि ‘गाडी ऑइल खाते’ या गॅरेजातल्या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच फटीतून आलेल्या असतात. उपाय जुना आणि खर्चिक : इंजिन उघडा, बोअर करा, नव्या रिंगा टाका. जुनी गाडी वापरणाऱ्याला नेमका हाच खर्च परवडत नसतो. डब्यातल्या औषधाचे गिऱ्हाईक ते हेच.

एसटीपीचा जन्म 1950च्या दशकात मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ गावी झाला. ‘शास्त्रीय प्रक्रिया केलेले पेट्रोलियम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. 1961 मध्ये स्टुडबेकर-पॅकार्ड या मोटारकंपनीने हा धंदा विकत घेतला. गंमत अशी की 1966 मध्ये स्टुडबेकरच्या मोटारी बंद झाल्या. तेलात घालायचे औषध मात्र जोरात खपत राहिले.

त्याचे श्रेय ग्रॅनटेलीचे. स्क्रूड्रायव्हरचे टोक एसटीपीत बुडवायचे आणि ते दोन बोटांत धरून दाखवा म्हणायचे. भल्याभल्यांच्या चिमटीतून ते निसटे. ही जाहिरात अमेरिकेत घरोघरी पोचली. बोटे घसरतात हे खरेच होते. झिजलेल्या रिंगेविषयी मात्र त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते. 1967 मध्ये त्याने इंडियानापोलिसला टर्बाइनवर चालणारी गाडी उतरवली. पार्नेली जोन्स ती चालवत होता. शर्यत हातात आली असताना अखेरच्या काही फेऱ्यांत गिअरबॉक्समधले एक बेअरिंग तुटले. त्या गाडीच्या इंजिनात पिस्टनही नव्हते आणि रिंगाही नव्हत्या! तरी अंगावर अक्षरे एसटीपीचीच.

मग त्या डब्यात होते काय? मुख्यतः तेल दाट करणारे पॉलिआयसोब्युटिलीन. दाट तेल रुंद झालेली फट अधिक बुजवते. त्यामुळे धूर कमी होतो, तेल कमी जळते, गेजचा काटाही थोडा वर सरकू शकतो. मेकॅनिक हीच गोष्ट निदानासाठी वापरतात. कॉम्प्रेशन कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. पण चमचाभर तेलाने इंजिन दुरुस्त झाले असे कोणी म्हणत नाही. घासून गेलेले लोखंड परत येत नाही, आणि जळलेल्या व्हॉल्व्हपुढे तर दाट तेलाचे काहीच चालत नाही.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. काही इंजिनांत रिंगा झिजलेल्या नसतात. काजळी आणि चिकट गाळामुळे त्या खाचेत अडकून बसलेल्या असतात. गाळ विरघळवणारे रसायन त्यांना मोकळे करू शकते आणि तेव्हा कॉम्प्रेशन खरोखर परत येते. ते काम दाट करणाऱ्या द्रवाचे नव्हे, धुणाऱ्या द्रवाचे. पण ‘शेजाऱ्याच्या गाडीला गुण आला’ ही ऐकीव साक्ष असा फरक करत नाही.

जुलै 1971 मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने एसटीपी म्हणजे निव्वळ तेल दाट करणारा पदार्थ असल्याचे छापले. कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला, आणि 1973 मध्ये ग्रॅनटेली पायउतार झाला. 1976 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने बंधन घातले : विश्वसनीय चाचणीवाचून दावे करायचे नाहीत. 1978 मध्ये तेलाच्या खपाबाबतच्या दाव्यांवरून कंपनीने 7 लाख डॉलरची तडजोड केली. त्यातले 2 लाख जाहीर नोटिसा छापण्यासाठी होते, आणि त्या नोटिसा मुख्यतः व्यापारी वाचकांच्या नियतकालिकांत आल्या. धूर ओकणारी जुनी गाडी हाकणारा माणूस ती नियतकालिके वाचत असेल, असे मानणे कठीण आहे.

1995 मध्ये एसटीपीची तत्कालीन मालक कंपनी फर्स्ट ब्रँड्स हिने पुन्हा जाहिरातींवरूनच 8,88,000 डॉलरचा दंड भरला. पुढच्याच वर्षी कमिशनने स्लिक 50 या दुसऱ्या प्रसिद्ध औषधाविरुद्ध तक्रार नोंदवली. एसटीपीचा डबा दुकानांतून हटला नाही. तो आजही मिळतो.