अग्रलेख कोणाच्या पगारावर?

बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांचा गौरव आपण जयंतीच्या भाषणांतून पुष्कळ ऐकतो; ती चालली कोणाच्या पैशावर, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अल मुंतझा परिसरातील आमच्या कुटुंबांत हा प्रश्न सध्या निराळ्या कारणाने निघतो. दोहा हे ‘अल जझीरा’चे शहर, 1996 पासून येथून जगभर बातम्या जातात. त्या पाहत वाढलेली मुले पत्रकार होऊ म्हणतात, आणि संगणकाच्या नोकरीवर गावाकडची घरे उभी केलेली आम्ही मंडळी लगेच पगार विचारतो.

विचारणे गैर नाही. ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाले, ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. नोकरी सरकारी, म्हणून संपादक या नात्याने नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पैसे मोजण्याची तयारी असूनही पत्राची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनला गेले. पुढे भटकरांच्या जागी ज्ञानदेव घोलप आले, आणि 1923 मध्ये पत्र बंद पडले.

महाडच्या सत्याग्रहानंतर पंधरवड्यातच, 3 एप्रिल 1927 रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. बहुतेक स्तंभ तेच लिहीत आणि या श्रमांचे वेतन घेत नसत. घर चाले ते वकिलीवर आणि बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमधील अध्यापनावर. म्हणजे ज्यांना आपण थोर संपादक मानतो, त्यांचा चरितार्थ पत्रकारितेवर नव्हताच! हेही पत्र 1929 च्या अखेरीस थांबले. 24 नोव्हेंबर 1930 रोजी निघालेला ‘जनता’ मात्र टिकला; 1956 मध्ये त्याचाच ‘प्रबुद्ध भारत’ झाला. देवराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांनी संपादनाचा भार उचलला, हे आमच्या मते त्याचे मोठे कारण.

आमच्या मुलांना ‘आधी अभियंता हो, मग हौसेने लिही’ असे सांगताना आम्ही बाबासाहेबांचाच दाखला देतो. त्यांनी तसे हौसेने केले नव्हते. दुसरा मार्ग नव्हता. आज वृत्तपत्रविद्येचे रीतसर शिक्षण मिळते, परंतु उमेदवारीची पहिली वर्षे अल्प मानधनावर काढावी लागतात. ज्यांच्या घरी आधार असतो ते टिकतात. दरवर्षी भीमजयंतीला आम्ही सभागृहासाठी आणि भोजनासाठी वर्गणी काढतो. त्यातून एका विद्यार्थिनीचे मुंबईतील दोन वर्षांचे घरभाडे निघेल काय, हा हिशेब पुढील बैठकीत मांडावा, असा आमचा प्रस्ताव आहे.