वयाचा रकाना

भोर-वेल्ह्यात पाऊस ओसरला की आमच्या प्राध्यापक-कक्षात महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा जमाखर्च मांडला जातो. यंदा मतभेद झाला तो वेल्ह्याच्या एका मुलावरून. घरच्या भातशेतीपायी त्याचे शिक्षण मध्ये सुटले होते. आता तो सर्वांत थोराड. ‘त्याच्यावर किती काळ विसंबणार?’ असे एक सहकारी म्हणाले आणि आम्हांला दि. ब. देवधर आठवले.

देवधर आमच्याच पेशातले. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. १९२६ साली गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा मात्र ते ४० वर्षांचे होते, आणि संघात नव्हते.

१९३९-४० च्या रणजी हंगामाआरंभी कुणी महाराष्ट्राचा हिशेब मांडला असता, तर ४७ वर्षांचा कर्णधार खर्चाच्या बाजूलाच पडला असता. त्या हंगामात महाराष्ट्र विजेता ठरला. पुढच्या वर्षी मुंबईच्या ६५० धावांवर महाराष्ट्राच्या ६७५ भारी पडल्या. त्यांतल्या २४६ देवधरांच्या! करंडक महाराष्ट्राकडेच राहिला.

अर्थात, पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करणारे विजय हजारे २४ वर्षांचे होते, हेही सहकाऱ्यांनी ऐकवलेच. ते खरेच आहे.

वेल्ह्याच्या मुलाचे नाव आम्ही यादीत ठेवले आहे. त्यापुढचे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह सहकाऱ्यांनी खोडलेले नाही.