दानाची नोंद : आर्मेनिया ते श्रीलंका

आपत्तीची वार्ता कानी पडताच मानवी अंतःकरणातील करुणा जागी होते, हा सर्व काळांचा व सर्व देशांचा अनुभव आहे. परंतु करुणेने दिलेली वस्तू गरजवंताच्या हाती योग्य वेळी पडते की नाही, हा प्रश्न निराळा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच विसाव्या शतकाच्या अखेरीस मदतकार्यात संगणकाचा प्रवेश झाला.

७ डिसेंबर १९८८ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील आर्मेनिया भूकंपाने हादरला. स्पिताक हे नगर जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले आणि सुमारे २५,००० माणसे मृत्युमुखी पडली. देशोदेशींहून विमाने आली. त्यांतून सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य उतरले. पुढे झालेल्या पाहणीचे निष्कर्ष मात्र खेदजनक होते. या साहित्याची वर्गवारी करण्यास ५० माणसांना ६ महिने लागले. त्यातील सुमारे ३० टक्के औषधेच तत्काळ उपयोगात आणण्याजोगी होती. काही औषधांची मुदत संपलेली होती, काहींवरील मजकूर तेथील वैद्यांना वाचता येत नव्हता. सुमारे २० टक्के औषधे अखेर नष्ट करावी लागली. दात्यांच्या हेतूत खोट नव्हती; उणीव होती ती मागणी, आवक व साठा यांच्या एकत्रित नोंदीची.

याच स्वरूपाचे अनुभव लॅटिन अमेरिकेतील देशांनाही वारंवार आले होते. त्यातूनच १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशन या संस्थेने नेदरलँड्सच्या साहाय्याने ‘सुमा’ ही संगणकीय नोंदपद्धती सिद्ध केली. स्पॅनिश भाषेत ‘सुमा’ म्हणजे बेरीज. विमानतळ, बंदर वा सीमानाका येथेच प्रशिक्षित पथकाने खोकी उघडावीत, वस्तू मोजाव्यात, पाठविणारा कोण व घेणारा कोण हे लिहावे, अशी ही रीत होती. प्रत्येक मालाची तीन वर्गांत विभागणी होई : ताबडतोब वाटण्याचा, पुढे लागणारा आणि अग्रक्रम नसलेला. यामुळे औषधांची पेटी जुन्या कपड्यांच्या ढिगाखाली अडकून पडण्याचा धोका कमी झाला. दात्यालाही आपल्या दानाचा हिशेब मिळू लागला. १९९८ साली ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हाहाकार माजविला, तेव्हा ही पद्धती तेथे उपयोगात आली.

नोंद चोख असली तरी मुळात चुकीची वस्तू आली, तर केवळ चुकीचीच नोंद वाढते. १९९२ ते १९९६ या काळात युद्धग्रस्त बोस्नियात सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी ठरली. म्हणूनच १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. औषध मागणीनुसारच द्यावे, पोहोचल्यावर त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावरील भाषा तेथील आरोग्यसेवकांना कळणारी असावी, हे त्यांचे सार होय.

पुढील टप्पा आपल्या शेजारी घडला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने श्रीलंकेत ३०,००० हून अधिक बळी घेतले. शेकडो संस्था किनाऱ्याकडे धावल्या. परंतु कोणत्या छावणीत काय पोहोचले आणि काय उणे आहे, हे एकत्र सांगणारी वही कोणापाशी नव्हती. तेव्हा लंका सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या पुढाकाराने तेथील संगणकतज्ज्ञ स्वयंसेवकांनी थोड्याच दिवसांत ‘सहाना’ ही प्रणाली उभी केली. सिंहली भाषेत या शब्दाचा अर्थ दिलासा असा आहे. बेपत्ता व्यक्ती, छावण्या, मदतसंस्था आणि वस्तूंची मागणी यांच्या नोंदी तीत एकत्र आणण्यात आल्या. ही प्रणाली मुक्त ठेवल्याने कोणत्याही देशाला ती विनामूल्य घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलता येऊ लागली. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात, २००६ मध्ये फिलिपाईन्समध्ये व २०१० मध्ये हैतीत तिचा उपयोग झाला. एका लहान, संकटग्रस्त राष्ट्राने स्वतःच्या दुःखातून जगाला दिलेले हे दानच म्हणावे लागेल.

तंत्र पुढे सरकले, तसे नवे प्रश्नही उभे राहिले. २०१६ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने जॉर्डनमधील अझराक छावणीत सीरियन निर्वासितांसाठी निराळी व्यवस्था योजली. कुटुंबाच्या नावे रक्कम जमा व्हावी आणि दुकानात डोळ्यांतील बुबुळाची ओळख पटवून त्यांनी हवा तो जिन्नस घ्यावा, अशी ती योजना होती. निवड गरजवंताच्या हाती आली, ही मोठीच गोष्ट. परंतु सर्वस्व गमावलेल्या माणसाची ओळखही यंत्रात जमा होऊ लागल्याने तिचे रक्षण करणे हे मदत करणाऱ्याचे कर्तव्य ठरले.

यंत्र स्वतः काहीच मोजत नाही. खोके कोणीतरी उघडावे लागते, छावणीत जाऊन विचारावे लागते आणि जे दिसले ते खरेपणाने लिहावे लागते. देण्यापूर्वी गरज विचारणे आणि दिल्यानंतर हिशेब ठेवणे, ही शिस्त व्यवहारात चोख पाळणाऱ्या माणसाला परकी नाही. आर्मेनियातील गोदामांनी शिकविले ते हेच, की ती शिस्त दानधर्मातही तितकीच आवश्यक आहे. कारण तेथील चुकीची किंमत दाता देत नाही, आपद्ग्रस्त देतो.