दहा दिवसांच्या आत

घर बदलून बारा दिवस झाले होते. स्वयंपाकघरातली खोकी उघडून झाली होती, पुस्तकांची अजून तशीच रचलेली होती आणि पोळपाट कुठल्या खोक्यात आहे यावर घरात दोन मतं होती. तेवढ्यात टेक्सासहून भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मावशी, आजीचा पत्ता कळवलास ना?"

"कुणाला?"

"सरकारला! दहा दिवसांच्या आत कळवायचा असतो. ती ग्रीनकार्डवर आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून माझी झोप उडाली होती. पण मध्ये मी नागरिक झाले, आणि ज्या दिवशी आपल्याला एखादा नियम लागू होईनासा होतो त्या दिवसापासून तो डोक्यातून जातो. त्या रात्री बसून आईचा पत्ता ऑनलाइन बदलला. लॉगिन, जुना पत्ता, नवा पत्ता, सही. दहा मिनिटं लागली, त्यातली सात पासवर्ड आठवण्यात गेली. मग लक्षात आलं की तिच्या व्हिसासाठी मी आर्थिक हमी दिली आहे, त्यामुळे नागरिक असूनही मलाही माझा पत्ता वेगळ्या फॉर्मवर कळवायचा आहे. त्याला तीस दिवसांची मुदत असते. निदान तेवढं तरी वेळेत झालं.

आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आपण घर बदललं की पोस्टमनला सांगायचो. तो पुढे सगळ्यांना सांगायचा."

तर या "दहा दिवसां"चा उगम कुठे आहे हे शोधायचं मी बरीच वर्षं मनात धरून होते. या निमित्ताने वाचून काढलं.

सुरुवात १९४० सालची. जूनमध्ये फ्रान्स पडला होता. शत्रूचे हस्तक आपल्यातच राहताहेत, ही धास्ती अमेरिकेत घराघरात पोचली होती. २८ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परकीयांच्या नोंदणीच्या कायद्यावर सही केली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने नोंदणी करायची आणि बोटांचे ठसे द्यायचे. मुदत होती २७ ऑगस्ट ते २६ डिसेंबर, आणि जागा होती गावातलं पोस्ट ऑफिस! ही कल्पना मला फार लक्षणीय वाटते. पोलीस ठाण्यात बोलावलं असतं तर माणसं बिचकली असती. पोस्टात तर रोज जायचंच असतं. या कामावर नेमलेल्या अर्ल हॅरिसन या वकिलाने, हे प्रकरण गुन्हेगारांच्या हजेरीसारखं वाटू नये म्हणून बरीच खटपट केली. सुमारे पन्नास लाख लोक रांगेत उभे राहिले. उंची, वजन, केसांचा रंग, नोकरी, गेल्या पाच वर्षांत कुठल्या संस्थांचे सभासद होतात, कधी अटक झाली होती का, असे सगळे प्रश्न. आणि घर बदललं तर पाच दिवसांत कळवायचं. हो, तेव्हा पाचच होते. दहा पुढे झाले.

ग्रीनकार्डवर जो नंबर असतो, ज्याला आपण "ए-नंबर" म्हणतो, त्याची सुरुवात याच नोंदणीत आहे. ए म्हणजे एलियन. मी नवीन आले तेव्हा कॉलेजच्या फॉर्मवर हा शब्द बघून खूप हसले होते. परग्रहावरून आल्यासारखं!

त्या रांगेत आपलीही माणसं असणार. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतले भारतीय जेमतेम चोवीसशे होते. त्यातले बरेचसे कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरी होते, तीस-तीस वर्षं तिथे राबलेले. तरी ते परकेच होते, कारण १९२३ च्या थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने "गोरा" नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ते दार उघडलं १९४६ साली. म्हणजे १९४० मध्ये पोस्टात ठसे देणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या सरदारजीला "मग तुम्ही नागरिक का नाही झालात?" असं कुणी विचारलं असतं तर त्याने काय सांगायचं?

आणि मग पर्ल हार्बर. ज्यांनी साधं नाव-गाव लिहून दिलं होतं त्यांतले इटालियन, जर्मन आणि जपानी एका रात्रीत "शत्रुदेशीय" झाले. १९४२ मध्ये त्यांना पुन्हा नोंदवून घेतलं, वेगळं ओळखपत्र दिलं, प्रवास आणि पत्ताबदल कळवायची सक्ती झाली. जपान्यांचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. इटालियनांचं सहसा सांगितलं जात नाही. ते सुमारे सहा लाख होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या काही पट्ट्यांतून त्यांना घरं सोडून जायला सांगितलं. यात कितीतरी आज्या होत्या. मुलगा अमेरिकन सैन्यात आणि आई इंग्रजी येत नाही म्हणून नागरिकत्वाच्या परीक्षेला कधी बसलीच नाही, अशा. बेसबॉलचा हिरो जो डिमॅगियो, त्याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोचे मच्छीमार. त्यांना ज्या धक्क्यावर आयुष्य गेलं तिथे जायची बंदी झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये इटालियनांवरचं हे बालंट उठलं.

युद्ध संपलं पण कायदा राहिला. सरकारी कायदे हे आमच्या वाड्यातल्या माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखे असतात. रोज लागत नाहीत, पण टाकून कुणी देत नाही.

१९५० साली, कम्युनिस्टांच्या भीतीच्या काळात, ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने एक कायदा केला. त्यात दरवर्षी जानेवारीत प्रत्येक परदेशी माणसाने आपला पत्ता कळवायचा, पत्ता बदललेला असो वा नसो, असं आलं. १९५२ च्या कायद्याने ते पक्कं केलं आणि पत्ता बदलल्यास दहा दिवस ही मुदतही त्यातच आली. आमच्या मंडळातले एक आजोबा एकोणसत्तर साली आलेले. त्यांना विचारलं तर लगेच डोळे चमकले. "अगं, जानेवारीचं कार्ड! पोस्टात जाऊन घ्यायचं आणि भरून द्यायचं. रेडिओवर, टीव्हीवर आठवण करून द्यायचे." शिकागोच्या जानेवारीत बर्फ तुडवत, भारतातून आणलेल्या बुटांत, दरवर्षी ते आणि त्यांची खोलीतली मित्रमंडळी जायची. संक्रांतीच्या आधी कार्ड टाकायचं हा त्यांनी नेमच केला होता. "तिळगूळ मिळायचा नाही, निदान कार्ड तरी," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. मला वाटतं सगळ्यांनाच द्यावं लागत होतं, इंग्रजाला, कॅनेडियनलाही, म्हणून असेल.

डिसेंबर १९८१ मध्ये ही जानेवारीची वारी रद्द झाली. पण तिच्या जागी एक बारीक कलम आलं, ते मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरकारला वाटेल तेव्हा, दहा दिवसांची सूचना देऊन, ठराविक देशांच्या लोकांना पत्ता कळवायला लावता येईल. सगळ्यांवरचं ओझं उतरलं आणि निवडकांवर ठेवायची सोय झाली. पुढची वीस वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पत्ताबदलाचा फॉर्म, एआर-११ त्याचं नाव, असतो हेसुद्धा निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मीही त्यातलीच. २००१ च्या मार्चमध्ये आम्ही न्यू जर्सीतच एका अपार्टमेंटमधून दुसऱ्यात गेलो. वीज कंपनीला कळवलं, बँकेला कळवलं, आईला पत्र लिहिलं. सरकारला कळवायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

मग ११ सप्टेंबर झाला. जुलै २००२ मध्ये न्याय खात्याने जाहीर केलं की दहा दिवसांचा नियम आता कडकपणे राबवणार. कायद्यात दोनशे डॉलरपर्यंत दंड किंवा तीस दिवसांपर्यंत कैद, आणि हद्दपारीही, "वाजवी कारण होतं किंवा मुद्दाम केलं नाही" हे ज्याचं त्याने सिद्ध केलं नाही तर. नॉर्थ कॅरोलायनात एका पॅलेस्टिनी माणसाला गाडी थोडी वेगात चालवली म्हणून थांबवलं आणि पत्ता न कळवल्यावरून त्याच्यावर हद्दपारीचा खटला भरल्याची बातमी आली. ती वाचून मी सोळा महिन्यांच्या उशिराचा फॉर्म भरायला बसले. "स्थलांतराची तारीख" या रकान्यापाशी पेन थांबलं. खरी तारीख लिहावी तर कबुलीजबाब, खोटी लिहावी तर खोटेपणा. नवरा म्हणाला, खरी लिही. लिहिली. तीन महिने दारावरची प्रत्येक टकटक ऐकून पोटात गोळा यायचा. काहीही झालं नाही.

का झालं नाही, ते त्याच वर्षी कळलं. कॅन्सस सिटीजवळ चुनखडीच्या खाणीत केलेल्या भुयारी गोदामात खात्याचे सुमारे वीस लाख कागद खोक्यांत पडून होते, त्यात सुमारे दोन लाख पत्ताबदलाचे फॉर्म होते. कुणी उघडलेच नव्हते! म्हणजे ज्यांनी इमानदारीने दहा दिवसांत कळवलं होतं तेही सरकारच्या लेखी जुन्याच घरात राहत होते. मला तेव्हा आधी हसू आलं, आणि मग राग.

पण खरी झळ आमच्यापर्यंत आली नाही, ती शेजारी गेली. २००२ च्या अखेरीपासून पंचवीस देशांच्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांना स्वतः जाऊन नोंदणी करायची सक्ती झाली. उत्तर कोरिया सोडला तर बाकी सगळे मुस्लिमबहुल देश. पाकिस्तान होता, बांगलादेश होता, भारत नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियात नोंदवायला गेलेल्या शेकडो माणसांना, त्यात बरेचसे इराणी, डिसेंबरमध्ये तिथेच अडकवून ठेवलं. या सक्तीखाली ऐंशी हजारांवर लोक हजर झाले आणि तेरा हजारांवर लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. आमच्या वरच्या मजल्यावर कराचीचं एक कुटुंब होतं. तो माणूस माझ्यासारखाच संगणकवाला. त्याच्या बायकोकडून मी मेथी घ्यायची, ती माझ्याकडून गोडा मसाला. तो जायच्या आदल्या संध्याकाळी ती खाली आली आणि तिच्या बहिणीचा फोन नंबर माझ्या हातात ठेवून गेली, "कल अगर देर हुई तो..." एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज आला तेव्हा मी भाजी ढवळायची थांबले होते. तो सुखरूप आला, पण वर्षभरात ते कॅनडाला गेले. आम्ही यादीत नव्हतो याचं मला त्या दिवसांत हायसं वाटलं होतं. आज ते लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं होतं हे खरं. ती यादी २०११ मध्ये रिकामी केली आणि तो नियम डिसेंबर २०१६ मध्ये पुस्तकातून काढला.

२००३ मध्ये पुन्हा घर बदललं तेव्हा मात्र तिसऱ्याच दिवशी फॉर्म पाठवला, पोचपावतीसह. पत्ता होता लंडनचा. केंटकीतलं लंडन! आईला फोनवर सांगितलं, तर तिला वाटलं की अमेरिकेत राहायला अजून राणीला कळवावं लागतं.

आपल्याकडेही हे आहेच, बरं का. परकीयांच्या नोंदणीचा आपला कायदा १९३९ चा, इंग्रजांनी त्याच युद्धाच्या सावटाखाली केलेला, आणि तो थेट २०२५ पर्यंत चालला. माझी एक मैत्रीण २००३ मध्ये पुण्याला परतली, तेव्हा तिच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलाची नोंदणी पोलीस आयुक्तालयात करावी लागली होती. सहा वर्षांचा गोट्या, आजीच्या मांडीवर बसून, "विदेशी नागरिक". पुढे ओसीआय कार्ड आलं आणि आपल्यासारख्यांची त्यातून सुटका झाली.

अमेरिकेतला १९४० चा कायदा माळ्यावरून पुन्हा खाली उतरला तो २०२५ मध्ये. ११ एप्रिलपासून, ज्यांची कुठेच नोंद नाही अशांनी ऑनलाइन नोंदणी करायची आणि ठसे द्यायचे, वय तेच, चौदा. ग्रीनकार्डवाले, व्हिसावर रीतसर आलेले आधीच नोंदलेले धरले जातात. पण अठरा वर्षांवरच्यांनी पुरावा कायम जवळ बाळगायचा, हे जुनं कलमही त्याबरोबर लोकांना आठवलं. व्हॉट्सअॅपवर आठवडाभर नुसता गोंधळ होता. तेव्हापासून आई बागेत फिरायला जातानाही ग्रीनकार्ड बटव्यात ठेवते, सुपारीच्या डबीशेजारी. मी तिला कधी आठवण केली नाही, तिची तीच ठेवते. ते बघून मला त्या इटालियन आज्या आठवतात.

आणखी एक गंमत वाचनात आली. या ए-नंबरच्या फायली, माणसाच्या जन्माला शंभर वर्षं झाली की, राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात आणि लोक त्यांतून आपल्या पणजोबांचा शोध घेतात. ती ठेवण्याची एक मुख्य जागा पुन्हा कॅन्सस सिटीच. आईला हे सांगितलं. तिचा जन्म १९४६ चा, म्हणजे २०४६ नंतर कधीतरी कुणीही तिची फाईल मागवू शकेल. व्हिसाच्या अर्जात सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारले होते, त्यामुळे त्यात वाईचं माहेर आहे, साताऱ्याचा वाडा आहे, आमची न्यू जर्सी आहे आणि आता, दोन दिवस उशिरा का होईना, हे घरही.

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वाईचं नुसतं घर नंबर लिहिलंस की घाटाजवळ असंही लिहिलंस? नंबराने तिथे कुणाला सापडायचं नाही."