लिक्विड कूलरचा पंप आवाज करतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

लग्नसराईत अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), संगमनेर, श्रीरामपूरच्या फोटो स्टुडिओंमध्ये एडिटिंगचे पीसी तासन्‌तास चालू असतात. अशा वेळी कॅबिनेटमधून घरघर सुरू झाली की दोन प्रश्न पडतात. काम थांबवायचं का? आणि काही हजारांचा कूलर बदलावा लागणार का? बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते. पण काही आवाज खरंच धोक्याचे असतात.

कूलर काम कसं करतो?

प्रोसेसरवर बसवलेला छोटा पंप द्रव फिरवतो. हा द्रव प्रोसेसरची उष्णता घेऊन नळ्यांमधून रेडिएटरमध्ये जातो. तिथे फॅन त्याला थंड करतात आणि तो परत येतो. वर्षानुवर्षं वापरताना नळ्यांमधून थोडा द्रव हळूहळू उडून जातो आणि आत हवेची जागा वाढते.

आवाज पंपाचाच आहे का?

बायोसमध्ये जाऊन फॅनचा वेग थोडा वेळ कमी करा. आवाज कमी झाला तर दोष फॅनचा किंवा रेडिएटरमधल्या धुळीचा. कागदाची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं पंपाजवळ धरा, आवाजाची जागा कळेल. नळी फॅनच्या पात्यांपासून लांब ठेवा.

लाइट गेल्यावर, पीसी इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुण येत असेल, तर पंपाआधी इन्व्हर्टर आणि एसएमपीएस तपासा.

आवाज काय सांगतो?

- गुळगुळ, पाणी खळखळल्यासारखा: पंपात हवेचा बुडबुडा अडकलाय.
- बारीक, एकसारखी शिट्टी किंवा गुणगुण: पंपाच्या वेगाची सेटिंग चुकलेली असू शकते.
- खरखर, घासल्यासारखा: पंपाची झीज किंवा आत कचरा. हा आवाज सहसा जात नाही.

घरी काय करता येईल?

हवा नेहमी वर जाते. त्यामुळे पंप हा सगळ्यात उंच भाग असता कामा नये. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणं उत्तम. पुढे लावला असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं.

बुडबुडा काढण्यासाठी पीसी बंद करा, प्लग काढा आणि रेडिएटर वरच राहील अशा बेताने कॅबिनेट सावकाश दोन-तीन बाजूंना कलवा. मग सरळ ठेवून दहा मिनिटं चालू करा. चालू पीसी हलवू नका. आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर लग्नाचं अख्खं शूटिंग जाऊ शकतं.

वेगासाठी पंपाची वायर मदरबोर्डवर कुठे जोडली आहे ते पाहा. पंपासाठी वेगळी जागा असेल तर तिथे जोडा. तापमानानुसार वेग सतत वर-खाली होत असेल तर बायोसमध्ये तो स्थिर ठेवा. किती ठेवायचा ते कूलरच्या माहितीपत्रकात असतं.

उन्हाळ्याचं काय?

द्रव खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर गेला की द्रव त्याहून गरमच राहणार आणि फॅन जोरात फिरणार. हा बिघाड नाही. रेडिएटरवरची धूळ मात्र ब्रशने साफ करत राहा.

कधी थांबायचं?

काहीही काम चालू नसताना प्रोसेसरचं तापमान 90 अंशांकडे चढत असेल, प्रोसेसर तापलेला पण रेडिएटर गार असेल, किंवा पंपाचा वेग शून्य दिसत असेल, तर द्रव फिरत नाहीये. आधी पंपाची वायर तपासा. ती नीट असेल तर पीसी बंद ठेवा. प्रोसेसर जळण्याआधी स्वतःच वेग कमी करतो किंवा बंद पडतो, पण सेव्ह न केलेलं काम जातं.

सीलबंद कूलर उघडून पाणी भरू नका. वॉरंटी जाते आणि गळतीचा धोका वाढतो. अनेक कूलरना पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते, त्यामुळे आधी बिल शोधा. कूलर दुरुस्तीला पाठवला तर तोपर्यंत साधा हवेचा कूलर लावून काम चालवता येतं. मात्र थर्मल पेस्ट नव्याने लावायला विसरू नका.