उपग्रहाने जागा दाखवली, खोडदने ओळख पटवली

मंडळी, पल्सारचा इतिहास बहुतेक वेळा १९६७ पासून सांगतात. त्या साली केंब्रिजला जोसलिन बेल यांना आकाशातून ठरावीक अंतराने येणारे रेडिओ ठोके सापडले. आज कासुर्डीत मी त्याच इतिहासाची दुसरी बाजू सांगणार आहे, कारण तिचा एक मोठा भाग आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला घडला.

पल्सार म्हणजे भराभर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो आणि आपल्याला ठोका मिळतो. ठोका मिळाला की ओळख पटली. नाहीतर आकाशात नुसता एक ठिपका!

क्ष-किरण आणि गॅमा किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. डिसेंबर १९७० मध्ये 'उहुरू' हा उपग्रह गेला आणि त्याला सेंटॉरस एक्स-३ कडून दर ४.८ सेकंदांनी क्ष-किरणांचा ठोका मिळाला. इथे काम लवकर झालं. गॅमा किरणांचं तसं नाही. त्यांचे कण इतके विरळ येतात की दोन कणांच्या मधे तारा कितीतरी फेऱ्या मारून मोकळा होतो. शिवाय दिशाही ढोबळच कळते.

जेमिंगाचंच बघा. १९७२ साली सोडलेल्या 'एसएएस-२' उपग्रहाला मिथुन राशीत हा स्रोत दिसला. तिथे दुसरं काहीच सापडेना. मिलानच्या बोलीत या नावाचा अर्थच 'नाहीच' असा होतो! वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, 'रोसॅट'च्या क्ष-किरण निरीक्षणांत २३७ मिलिसेकंदांचा ठोका मिळाला. मग तोच ठोका गॅमा किरणांच्या जुन्या नोंदींतही निघाला. म्हणजे माहिती हातात होती, पण काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं.

२००८ मध्ये 'फर्मी' उपग्रह गेला आणि असे अनोळखी ठिपके शेकड्यांनी सापडू लागले. काही पल्सार त्याने एकट्यानेच ओळखले. पण जोडीदार ताऱ्याभोवती फिरणारा वेगवान पल्सार असेल, तर ठोका सतत पुढेमागे सरकतो आणि गणित आवाक्याबाहेर जातं. तिथे रेडिओ दुर्बीण लागते.

गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली खोडदची जीएमआरटी म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पुण्याच्या एनसीआरए संस्थेतले भास्वती भट्टाचार्य, जयंत रॉय आणि सहकारी यांनी ती फर्मीच्या अनोळखी ठिपक्यांकडे वळवली. २०१३ मध्ये त्यांनी जे१५४४+४९३७ हा पल्सार जाहीर केला. त्याची एक फेरी २.१६ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ४६३ फेऱ्या!

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. एक्सएसएस जे१२२७०−४८५९ हा स्रोत क्ष-किरणांत आणि गॅमा किरणांतही माहीत होता. जोडीदाराकडून ओढलेल्या वायूची चकती त्याच्याभोवती होती. २०१२ च्या अखेरीस ती चकती नाहीशी झाली. त्यानंतर जीएमआरटीने तिथे पाहिलं, तर १.६९ मिलिसेकंदांचा रेडिओ ठोका! जोडीदाराचा वायू खात खात न्यूट्रॉन तारा वेग घेतो आणि मग रेडिओ पल्सार होतो, असं शास्त्रज्ञ मानत आले होते. इथे तो बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. नुसत्या उपग्रहाला किंवा नुसत्या खोडदला ही गोष्ट पुरती कळली नसती.

फर्मीच्या २०२० च्या यादीत ५,००० हून जास्त स्रोत आहेत. त्यांतले १,३०० हून जास्त तेव्हा अनोळखीच होते. त्यांत किती पल्सार दडलेत, हे ठरवायला जमिनीवरचा कान शाबूत राहायला हवा. खोडद निवडलं गेलं ते तिथे रेडिओ गोंगाट कमी होता म्हणून. मोबाइल, यंत्रं, विजेच्या तारा यांचा गोंगाट वाढला की हे क्षीण ठोके त्यात बुडतात. उपग्रह वर कितीही चांगला असो, त्याने दाखवलेल्या ठिपक्याला नाव मिळणं हे खालच्या या शांततेवरही अवलंबून आहे.