सोन्याचं रफू

१९७२ साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत स्पिअर्स आणि हेन्री स्मिथ यांनी चिपवरची नक्षी क्ष-किरणांनी उमटवण्याची वाट दाखवली. तरंगलांबी आखूड, म्हणून रेघ बारीक. पण क्ष-किरण साध्या भिंगाला दाद देत नाहीत. त्यामुळे नक्षी लहान करून उमटवण्याची सोय नाही. मास्कवर जेवढी रेघ, तेवढीच चिपवर. मास्कवरचं भोकही तेवढंच उतरणार.

हा मास्क म्हणजे एक-दोन मायक्रोमीटर जाडीचं ताणलेलं पटल आणि त्यावर सोन्याच्या रेघा. किरण अडवायला सोनं अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाड लागे, रुंदी मात्र त्याहून कमी. रेघा कसल्या, उभ्या भिंतीच! अशी भिंत एका जागी ढासळली तर महागाचा अख्खा मास्क बाद. रफू करणं भागच होतं.

त्याची सुई मिळाली गॅलियममध्ये. तळहाताच्या उबेनं वितळणारा हा धातू टंगस्टनच्या टोकावर पसरून प्रबळ विद्युत क्षेत्र लावलं की आयन सुटतात. १९७९ मध्ये मॅलिबूच्या ह्यूज प्रयोगशाळेत सेलिगर आणि सहकाऱ्यांनी तो झोत ०.१ मायक्रोमीटरवर एकवटला. त्यानं जादा सोनं खरवडता येई; भरायचं कसं? १९८०च्या दशकाच्या मध्याला ओसाकात केंजी गामो आणि एमआयटीत जॉन मेल्नगायलिस यांच्या गटांनी झोताखाली धातूच्या संयुगाची वाफ सोडली.

खरी गंमत इथे आहे. बारीक नळीतून आलेले सोन्याच्या संयुगाचे रेणू पृष्ठभागावर चिकटतात. आयन आदळला की रेणू फुटतो, हलके तुकडे उडून जातात, सोनं मागे उरतं. पण तोच आयन बसलेलं सोनं उडवतोही. वाफ कमी पडली की भरण्याऐवजी खड्डा पडतो. शिवाय सोन्यात कार्बन मिसळलेला, म्हणून भिंत मूळच्यापेक्षा उंच चढवावी लागे. पृष्ठभाग तापवला तर सोनं अधिक चोख बसे. इतक्या चिमुकल्या जागेत साधलेला हा तोल मला त्या काळच्या यंत्रविद्येतली फार मोठी कारागिरी वाटते.

आयबीएमनं ईस्ट फिशकिलला १९९१ मध्ये चिपवर नक्षी उमटवायला क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन बसवला, तरी ही क्ष-किरण लिथोग्राफी कारखान्यांत रुळली नाही. प्रकाशाची लिथोग्राफीच बारीक होत गेली. वाफ आणि आयनांचा मेळ मात्र टिकला. तयार चिपमधली एखादी जोडणी तोडून नवी घालायला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप घेण्याआधी वर प्लॅटिनमची पट्टी चढवायला तो आजही वापरतात.